बिनश्रीचा कागद

पेढीचं पत्र कसं लिहावं याबद्दल सगळ्यांत ठाम मतं कुणाची असतात, ठाऊक आहे? ज्यांनी जन्मात एकही लिहिलेलं नाही, त्यांची. मी रत्नागिरीच्या बंदरावर एका पेढीत पत्रव्यवहाराचा कारकून म्हणून उभी हयात काढली, आणि मला पत्रलेखन शिकवायला न आलेला माणूस मला अजून भेटायचाय. वकील शिकवून गेले, हमाल शिकवून गेले. एकदा तर दाढी करता करता न्हाव्यानं शिकवलंन. "अप्पा, पत्र कसं ऐसपैस हवं. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, गड्यानं आपल्यासाठी वेळ काढलान." गळा माझा आणि वस्तरा त्याचा. मी म्हटलं, "अगदी खरं बोललास बाबा."

बाहेरच्यांना वाटतं, कारकून म्हणजे शेठ सांगेल ते उतरवून घेणारा. अहो, शेठ सांगतील ते उतरवून घेतलं असतं तर पेढी महिन्याभरात बसली असती! आमचे बापूशेठ मनानं लोणी, पण तोंडानं भलतेच तिखट. सकाळी टपाल फुटलं, मुंबईच्या दलालाचं पत्र वाचलं, की ओरडायचे, "लिही त्या गाढवाला, आंबा काय तुझ्या बापानं पिकवला होतान?" मी लिहायचो, 'आपले पत्र पावले. फळाच्या प्रतीविषयी आपला अभिप्राय वाचून आश्चर्य वाटले.' शेठ चष्मा चढवून ते वाचायचे आणि खूश व्हायचे. "बघ! असं ठणकावून सांगायला हवं." मी मान डोलवायचो आणि पाकीट चिकटवायचो. रागाला टाक दौतीत बुडवेपर्यंतचा वेळ मिळाला की तो बराच निवतो, एवढंच मी या धंद्यात शिकलो.

पेढीची दोन गलबतं होती. जाताना आंबा, कोकम, जळाऊ लाकूड मुंबईला न्यायचं, येताना किराणा माल आणायचा. शिवाय मंगलोरी कौलांची वखार होती. या सगळ्याला कागद लागे, आणि प्रत्येक कागदाबद्दल कुणाचा ना कुणाचा तरी एक नियम असे.

बापूशेठांचा नियम असा की, पेढीच्या पत्रात 'नाही' हा शब्द येता कामा नये. अपशकुन होतो म्हणे. वखारीत एक कौल शिल्लक नसलं तरी लिहायचं, 'कौलांची भर होत आहे.' राजापूरच्या एका गृहस्थांना असंच लिहून गेलं. बिचाऱ्यांनी 'भर होत आहे' वाचून घरावरचं जुनं गवत उतरवून टाकलं आणि कौलांची वाट बघत बसले. कौलांच्या आधी पाऊस आला. मग ते स्वतः आले. पेढीच्या दारात उभं राहून त्यांनी आपली छत्री उघडली आणि म्हणाले, "शेठ, माझं घर हिच्याखाली मावतं काय ते जरा बघून सांगा." बापूशेठांनी त्यांना ओसरीवर बसवून जेवू घातलं, दुसऱ्याच्या वखारीतून कौलं मिळवून दिली. पण 'नाही' लिहायला काही ते तयार झाले नाहीत. मला म्हणाले, "चूक वाचणाऱ्याची."

अशा पेढीत एकोणीसशे तीसच्या आसपास वासुदेवराव मॅनेजर म्हणून आले. पंचविशीचा मुलगा, मुंबईला व्यापारी पत्रव्यवहाराचा अभ्यास केलेला, गोरागोमटा, बोलायला गोड. सोबत टाइपरायटर. ते यंत्र बघायला आख्खं बंदर लोटलं होतं. वासुदेवरावांनी पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून नियम सांगितले. पत्र आखूड हवं. एका पत्रात एकच विषय. 'येथील सर्व कुशल' बंद. भावना नकोत. आणि 'मी' तर नकोच नको.

"मग काय लिहायचं?"

"कळविण्यात येते की..."

"कोण कळवतं?"

"कोणी नाही, अप्पा. कळविण्यात येतं."

"म्हणजे भुताटकीच की ही!"

ते मनापासून हसले. मला तो मुलगा तेव्हापासून आवडला. आणि खरं सांगायचं तर त्यांचे निम्मे नियम रास्त होते. त्यांचं ऐकलं असतं तर राजापूरकरांचं छप्पर वाचलं असतं. मी काही नव्यावर दात धरून बसणारा माणूस नव्हे. टाइपरायटरची टकटक मला आवडायची, वर्षभरात मीही दोन बोटांनी तो बडवायला शिकलो. मात्र ते यंत्र इंग्रजी, म्हणून पेढीचं सगळं बाहेरचं लिखाण हळूहळू इंग्रजी झालं. व्यापाऱ्यांचं काही अडत नव्हतं. मुंबईचे दलाल उलट वचकून राहू लागले. इंग्रजीत लिहिलेलं खरंच असतं, असाही एक समज आहे ना आपल्याकडे!

एक काम मात्र पहिल्यापासून माझं होतं. गलबत मुंबईला लागल्याची वर्दी आली की तांडेलाच्या घरी एक कार्ड टाकायचं. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या; वारा, शीड, खलाशी सगळं त्याच्या हुकमात. आमचा धाकू तांडेल पूर्णगडचा. बाकी खलाशी जयगडकडचे, हा एकटाच तिकडचा. आडमाप माणूस, बोलणं मोजकं. त्याची बायको चंद्रा एकदा सासूला घेऊन रत्नागिरीला डोळे दाखवायला आली होती, तेव्हा पेढीवर टेकली. मी तिला विचारलं, "माझी कार्डं पोचतात ना गं? कोण वाचून दाखवतं?"

"वाचायला कशाला व्हवा कोन?" ती म्हणाली. "वर श्री हाय का बगतंय नि फडताळात ठेवतंय. वर श्री असला म्हंजे खाली काय का असंना, भाऊ."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे कुठल्याही पत्राच्या माथ्यावर श्री लिहितात. फक्त मरणाच्या पत्रावर लिहीत नाहीत. तसला बिनश्रीचा कागद आला तर तो उंबऱ्याच्या आत न्यायचा नाही. अंगणात उभ्यानं वाचायचा, फाडून टाकायचा आणि आंघोळ करायची. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा तेवढं एक अक्षर चित्रासारखं ओळखते. हे मला ठाऊक होतं, वासुदेवरावांनाही ठाऊक होतं. त्यांच्या आईनं काय त्यांना विलायतेत वाढवलं होतं? पण इंग्रजी टाइप केलेल्या कागदावर श्री नसतो, तो कुणी शोधतही नाही. आम्हां पेढीवरच्यांच्या लेखी ते मुळी पत्रच नव्हतं, तो कामाचा कागद होता.

एका वर्षी मे महिन्याच्या मध्याला दर्या खवळला. आमचं गलबत आंब्याची शेवटची खेप घेऊन निघालेलं. मागाहून आलेल्या एका मचव्यावरच्या लोकांनी सांगितलं की, हर्णैच्या पुढे धाकूचं गलबत डोलकाठी मोडलेल्या स्थितीत दिसलं, मग अंधारून आलं, मग दिसलं नाही. असली बातमी किनाऱ्यानं पायी चालत जाते, पूर्णगडला ती आम्ही काही कळवण्याआधीच पोचली. पेढीवर आम्हाला अन्न गोड लागेना. बापूशेठ बंदरावर फेऱ्या घालत होते आणि वाटेत येईल त्याच्यावर खेकसत होते.

आणि एके दिवशी मुंबईहून दलालाचं पत्र आलं. गलबत कसंबसं लागलं, माणसं सगळी सुखरूप! बापूशेठांनी तिथल्या तिथे गणपतीला नारळ वाढवला. गलबताचं मात्र बरंच मोडलं होतं. पावसाळाभर ते मुंबईलाच ओढून ठेवायचं, दुरुस्त करायचं आणि राखणीला तांडेल ठेवायचा असं ठरलं. म्हणजे धाकू आता नारळी पौर्णिमा उलटल्यावर घरी यायचा.

ते त्याच्या घरी कळवायला हवं होतं. मी टाक उचलला तोच वासुदेवराव म्हणाले, "अप्पा, तुमच्यापुढे आंब्याच्या हिशेबाची पत्रं पडलीत. हे मी करतो." त्यांनी कागद यंत्रात घातला आणि टकटक करून मोकळे झाले. सुरेख, आखूड पत्र. पेढीच्या नव्या छापील कागदावर, इंग्रजीत. तांडेल धाकू यास पावसाळाभर मुंबई मुक्कामी ठेवण्यात येत आहे, त्याचे जादा कपडे व घोंगडी येणाऱ्याबरोबर पाठवावी.

"तिकडे इंग्रजी कोण वाचणार?" मी विचारलं.

"शाळेचे मास्तर आहेत की."

होते. पण उन्हाळ्याची सुट्टी लागून मास्तर आपल्या गावी गेले होते, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

पुढे काही दिवसांनी सकाळी पेढीच्या पायरीशी एक तरुण येऊन उभा राहिला. उघडं डोकं, डोळे सुजलेले. धाकूचा धाकटा भाऊ गणू. आत ये म्हटलं तर येईना.

"पेटी न्यायला आलंय," तो म्हणाला.

"कसली पेटी रे?"

"दादाची. गलबतावरची. गावली आसंल तर." मग म्हणाला, "नि तो... तो खंय किनाऱ्याला लागला काय, तां इचारायचां व्हतां. आयशीनं इचारलंन."

वासुदेवराव खुर्चीवरून उठले. "कोण दादा? धाकू तांडेल? त्याला काय झालं?"

गणूनं त्यांच्याकडे असं पाहिलं की, जणू हा सायब आपली चेष्टाच करतोय. "तुमीच तर कागद धाडलाव."

"कुठाय कागद?"

"भायेर हाय. दगडाखाली ठेवलंय. आत आनायचा नसतो ना."

आम्ही बाहेर गेलो. पायरीपासून लांब, भिंतीच्या कडेला, एका चिऱ्याच्या तुकड्याखाली आमच्याच पेढीचा कागद फडफडत होता. घडीही नीट उलगडलेली नव्हती. झालं होतं ते असं. टपालवाल्यानं कागद दिला, पेढीचा म्हणून सांगितलं. चंद्रा धावत आली. तिनं वर पाहिलं, श्री नाही. हर्णैची बातमी आधीच कानावर आलेली. वाचायला मास्तर नाहीत. आणि वाचायचं तरी काय राहिलं होतं? तासाभरात वाडीतल्या बायका जमल्या होत्या.

वासुदेवरावांनी तो कागद उचलला. रस्त्यात उभं राहूनच त्यांनी एकेक ओळ मराठीत करून सांगितली. मुंबई. पावसाळा. कपडे. घोंगडी.

"म्हंजे दादा हाय?" गणू म्हणाला.

"आहे रे बाबा, आहे! चांगला धडधाकट आहे."

गणू मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलंन आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. बापूशेठ पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः बाहेर आले. पाणी प्यायल्यावर त्यानं डोकं वर केलं आणि आमच्याकडे बघून विचारलं, "मगे वयनीच्या बांगड्यांचां काय?"

बापूशेठांनी तांब्या पायरीवर ठेवला आणि आम्हा दोघांना म्हणाले, "निघा."

त्याच दिवशी मी आणि वासुदेवराव गणूबरोबर निघालो. भाट्याची खाडी तरीनं, म्हणजे होडीनं, ओलांडली, पावसवरून पुढे, उघड्या कातळसड्यावरचं ऊन डोक्यावर घेत. वासुदेवरावांना चालायची सवय नव्हती, शहरी जोडे घातलेले, टाचा सोलून निघाल्या. पण माणूस एका शब्दानं कुरकुरला नाही. पूर्णगड आलं तेव्हा उन्हं कलली होती.

अंगणात म्हातारी बसली होती, धाकूची आई. चंद्रा दाराच्या आत उभी होती. कपाळ पांढरं, हात उघडे. ती आम्हाला बघून मागे सरली. वासुदेवरावांनी सगळं सांगितलं. दलालाचं मूळ पत्र सोबत आणलं होतं, तेही वाचून दाखवलं. मी शपथेवर सांगितलं की, धाकू जिवंत आहे.

चंद्रा आतूनच म्हणाली, "भाऊ, तुमी डोळ्यांनी बगितलाव त्यांना?"

"नाही गं. मुंबईहून पत्र आलं ना हे."

"म्हंजे कागदच," ती म्हणाली.

मी म्हातारीला म्हटलं, "आई, कासाराला बोलवा. तिच्या बांगड्या भरा."

म्हातारी म्हणाली, "एका कागदानं माजा झील मेला. दुसऱ्या कागदानं जिता झाला. आमी खंयचा खरा मानायचा, सांगा. तुमी शिकलेली मानसां, तुमचां खरां आसंल. पन आज भरल्या नि उद्या तो नाय आला, तर मी त्या पुन्ना फोडायच्या? मीच फोडलंय त्या. दगडान. तो आवाज माज्या कानातना अजून जात नाय. तो ह्या अंगनात उभा ऱ्हायला म्हंजे भरीन. तोवर नाय."

म्हातारीत कठोरपणा असता तर वाद घालता आला असता. ती पदरानं डोळे पुसत होती, आणि आत चंद्रा भिंतीला टेकून उभी होती. धाकू यायचा नारळी पौर्णिमेनंतर. म्हणजे सगळा पावसाळा ही पोर, नवरा मुंबईला धडधाकट असताना, पांढऱ्या कपाळानं काढणार. सणावाराला मागे उभी राहणार. विहिरीवर बायका तिला आधी पाणी भरून घेऊ देणार, दयेनं. मला इतकं भरून आलं की, मी उठून माडाकडे जाऊन उभा राहिलो.

परतताना आम्ही तरीत बसलो. वासुदेवराव पाण्याकडे बघत म्हणाले, "अप्पा, आता लिहून भागायचं नाही. माणूसच आणायला हवा."

पेढीवर हे ऐकून बापूशेठ उसळले. "तांडेल काढून घेऊ? पावसात? गलबत काय देवाच्या भरवशावर सोडू?" वासुदेवरावांनी म्हातारीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. शेठ ऐकत गेले. शेवटी पगडी काढून मांडीवर ठेवलीन आणि म्हणाले, "स्वतःच्या हातानं फोडल्यान? अरे देवा. तार कर, वासुदेवा. आत्ता कर. गलबताला दुसरा माणूस बघतो मी."

पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट दोन-तीन दिवसांवर होती. ती चुकली की समुद्रमार्ग बंद, आणि घाटावरून फिरून यायचं म्हणजे पावसात दिव्यच. वासुदेवरावांनी तार लिहिली. तारेचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच, जितके शब्द कमी तितकी तार चांगली. तांडेलाला शेवटच्या बोटीनं घरी पाठवा, ताबडतोब. बस्स. मी वाचली आणि म्हटलं, "वा, यात एक शब्द जास्त नाही." आम्ही दोघे शहाणे तार करून आलो, आणि मला त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

आगबोट यायच्या दिवशी आकाश गच्च भरून आलं होतं. आमच्याकडे आगबोट धक्क्याला लागत नाही, लांब समुद्रात उभी राहते आणि पडाव जाऊन उतारू आणतात. लाटा मोठ्या असल्या तर ती थांबतही नाही, उतारूंना तशीच पुढे गोव्याकडे घेऊन जाते. त्या दिवशी लाटा बघून पडाववाले मान हलवत होते. बापूशेठ त्यांना म्हणाले, "माझ्या बापाच्या वेळेपासून तुम्ही माझं मीठ खाताय. आज जाऊन या रे." ते गेले. आगबोट भोंगा वाजवून उभी राहिली. लाटेवर पडाव दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. वासुदेवराव माझा दंड घट्ट धरून उभे होते. त्यांना ते कळतसुद्धा नव्हतं.

पडाव लागला. सगळ्यांत आधी धाकूनं पाण्यात उडी टाकली आणि तो आमच्याकडे चालत आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. इतका मोठा माणूस, पण खांदे पडले होते. आम्हाला आनंद झाला होता, आम्ही पुढे झालो. तो समोर येऊन थांबला आणि म्हणाला, "कोन?"

"काय कोण?"

"कोन गेली? आयस का ती?"

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. घरी ताबडतोब ये, अशी तार आली की तिचा अर्थ आपल्या मुलखात एकच. दलालाला कारण ठाऊक नव्हतं, त्यानं ते सांगितलं नव्हतं.

"धाकू, कोणी गेलं नाही," मी म्हटलं. "अरे, दोघीही आहेत. सुखरूप आहेत."

मग त्याचा बांध फुटला. "भाऊ, रातभर बोटीवर बसलंव. कोन गेली आसंल, इचार करतंय. आयस आसंल म्हनायचां तर त्या बिचारीला मी कशी मारू? ही आसंल म्हनायचां तर..." त्यानं ओल्या हातानं तोंड पुसलं. "देवाला काय मागायचां तांच कळंना. म्हून काय मागितलाच नाय."

वासुदेवराव पुढे झाले आणि त्याचे दोन्ही हात धरून म्हणाले, "तांडेल, ही तार मी लिहिली. आणि त्याआधीचा कागदही माझाच." मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं, वाळूत उभ्या उभ्या, काही न लपवता. मुंबईचा शिकलेला मॅनेजर एका खलाशासमोर रडत होता आणि बंदरावरची माणसं बघत होती. त्यांना त्याची लाज वाटली नाही. मला त्यांचा अभिमान वाटला. पुढे वासुदेवराव पेढीवर होते तोवर खलाशांच्या घरी जाणारं प्रत्येक पत्र ते स्वतःच्या हातानं, मराठीत, आणि चांगलं ऐसपैस लिहायचे. बाकीच्यांना अजूनही 'कळविण्यात येते'च होतं, ते काही सुटलं नाही.

धाकूनं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही. फक्त म्हणाला, "फोडल्यान?" आणि मग, "चला बाजारात."

कासाराचं दुकान. तिथे पुरुषमाणूस सहसा चढत नाही. बायका येतात, कासार हात बघतो, दाबून माप काढतो आणि भरतो. धाकू फळीपुढे अवघडून उभा राहिला, दर्याच्या पाण्यानं भिजलेला, अंगावरून थेंब गळतायत.

"हिरव्या," तो म्हणाला.

"माप?" कासारानं विचारलं. "हात बघितल्याशिवाय मी देत नसतो. पुढे फुटल्या तर माझ्या नावानं खडे."

धाकूनं इकडेतिकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाला. मग आपला अंगठा आणि मधलं बोट जुळवून त्यानं एक कडं केलं आणि कासारापुढे धरलं. "येवढा," म्हणाला. कासारानं त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि त्या कड्यात एकेक बांगडी घालून बघितली, जमली ती बाजूला ठेवली.

वाटभर त्या बांगड्या त्यानं रुमालात गुंडाळून छातीशी धरल्या होत्या. तरीत चढताना दोरीला हात लावेना. गलबत वादळातून काढणारा गडी, त्या दिवशी आम्ही त्याला दंडाला धरून चढवला. पावस गावापर्यंत पोचलो तेव्हा सरी सुरू झाल्या. वासुदेवरावांनी आपली छत्री त्याच्यावर धरली, स्वतः भिजले.

अंगणात पाय टाकल्याबरोबर म्हातारी उठली. त्याच्या तोंडावरून, केसांवरून, खांद्यांवरून हात फिरवत राहिली, आंधळं माणूस चाचपतं तशी. मग तिनं त्याच्या हातातला रुमाल घेतला आणि हाक मारली, "चंद्रे, भायेर ये."

चंद्रा आली. मान खाली. हात पदरात लपवलेले. नवऱ्याकडे तिनं एकदाच पाहिलं आणि लगेच सासूसमोर बसली. म्हातारीनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. हात पुढे ओढून पहिली बांगडी चढवली. कासार दाबून दाबून चढवतात ना, तसं काही करावंच लागलं नाही. बांगडी सरकन मनगटावरून वर गेली, थेट कोपराकडे. दुसरीही तशीच गेली. तिनं हात खाली सोडला तर सगळ्या सुळकन पंजावर येऊन राहिल्या. मूठ आवळून धरली म्हणून पडल्या नाहीत.

धाकू वळचणीखाली उभा होता. त्याचं तोंड पडलं. मघाच्यासारखंच अंगठा-बोट जुळवून त्यानं ते आपल्याच डोळ्यांपुढे धरलं. "माप तर ह्याच व्हतां," तो म्हणाला.

"माप बरोबर हाय तुमचां," चंद्रा म्हणाली. तिनं मूठ आणखी आवळली. "मीच बारीक झालंय. आता जेवतंय, भरंल हात."